साक्याच्या प्रकरणात अडकलेलं पुस्तक आणि रोजची 25 मिनिटं

आंब्याच्या बागायतीवरच्या पुस्तकाची माझी पहिली दोन प्रकरणं सुरळीत झाली. कलमं, खतं, मोहोर, तुडतुड्यांची फवारणी हे सगळं हाताखालचं, त्यामुळे लिहायला त्रास पडला नाही. तिसरं प्रकरण साक्यावर होतं. त्याने चार महिने खाल्ले आणि तो राग अजून गेलेला नाही.

हापूस बाहेरून निर्मळ दिसतो, पण कापला की कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट निघतो. तोच साका. कुणी तापलेल्या जमिनीच्या झळांना दोष देतात, कुणी म्हणतात फळातच कोय रुजायला लागते, कुणी कॅल्शियमकडे बोट दाखवतात. मला वाटलं, आधी सगळी मतं गोळा करू, मग लिहू. इथेच फसलो. रोज सकाळी वही उघडायची, दोन ओळी लिहायच्या आणि शंका आली की उठायचं. रत्ना ही साका न होणारी जात, नीलम आणि हापूसचा संकर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ती 1981 मध्ये दिली. एवढं एक साल पक्कं करायला जुन्या पुस्तिका काढल्या, मग फोन हातात आला, मग गडी आले. सकाळ संपली. दुसऱ्या दिवशी कालच्या दोन ओळी वाचून नावडल्या, त्या खोडल्या. चार महिन्यांत पानं तीन.

चालढकल करणारा माणूस लोळतच असतो असं नाही. माहिती जमवणं आणि कालचं खरडलेलं नीट करणं ही दोन्ही कामं कष्टाचीच वाटतात, म्हणून ती चालढकल आहे हे लवकर कळत नाही. ओळखायची खूण एकच: वहीतली पानं पुढे सरकतायत का.

मला सोडवलं ते फुलीने. शंका आली की त्या जागी ठळक फुली मारायची, समासात काय बघायचं ते तीन-चार शब्दांत लिहायचं आणि पुढचं वाक्य घ्यायचं. लिहिताना उठायचं नाही. फुल्या रविवारी दुपारी एकत्र सोडवायच्या, पण कोणाला विचारायचं त्याप्रमाणे वाटून: पुस्तिकेत मिळणाऱ्या एकीकडे, शेजारच्या बागायतदाराला विचारायच्या दुसरीकडे, मार्केटच्या तिसरीकडे. पहिल्याच रविवारी 14 पैकी 11 फुल्या सुटल्या. दोन तर नंतर काढून टाकलेल्या परिच्छेदातल्या होत्या, म्हणजे त्यांच्यासाठी घातलेली सकाळ फुकटच गेली असती.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. रात्री झोपण्याआधी उद्याचा प्रश्न लिहून वहीत ठेवायचा. ‘साका’ असा विषय लिहून उपयोग नाही, सकाळी त्याकडे बघत बसतो. ‘चौदा आणे तयार झाल्यावरच आंबा का उतरवायचा?’ असा प्रश्न लिहायचा (चौदा आणे म्हणजे सोळा आण्यांतले चौदा, जवळपास पूर्ण तयार). त्याचं उत्तर 300 शब्दांत बसतं आणि 25 मिनिटांत लिहून होतं. पावणेसहाला बसायचं, सव्वासहाच्या आत उठायचं. बरा वेग आला असला तरी वाढवत बसू नये. पुढचं वाक्य डोक्यात असताना, ते अर्धं लिहूनच वही मिटावी. दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. कालचं वाचायचं ते फक्त शेवटचे दोन परिच्छेद, तेही पेन खाली ठेवून.

हिशेब सोपा आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 1,800 शब्द. 40,000 शब्दांच्या पुस्तकाला पाच महिन्यांहून थोडं जास्त. शिमगा, गणपती आणि आंब्याचा हंगाम धरून मी आठ महिने ठेवले. एप्रिल-मेमध्ये पेट्या भरायच्या दिवसांत 25 मिनिटं मिळतच नाहीत. तेव्हा 10 मिनिटं, 100 शब्द, पण बसायचं. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहू नये, तिसरा दिवस हमखास बुडतो. गणपतीला वही मिटताना चिठ्ठी आत ठेवायला विसरलो, तर परत बसायला आठ दिवस लागले. पुढच्या सुट्टीला ठेवली आणि पहिल्याच सकाळी बसलो.

शब्द मोजत बसू नका. माझ्या अक्षरात ओळीला आठ शब्द आणि पानाला 22 ओळी बसतात, म्हणजे पावणेदोन पानं झाली की 300 होतात. तुमचं माप एकदा काढून ठेवा.

हे आधी सांगायला हवं होतं: पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून पहिला खर्डा मी वहीतच केला. जुलैत कागद इतका दमट होतो की जेल पेनची शाई पसरते आणि मागच्या पानावर उमटते. साधं बॉलपेन घ्यावं, उजव्याच पानावर लिहावं, डावं पान फुल्यांच्या उत्तरांसाठी कोरं सोडावं. दर शनिवारी आठवड्याच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घरातल्या आणखी कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवावेत. माझी दुसरी वही पडवीतल्या गळतीखाली भिजली, पण त्यातली नऊ पानं फोटोवरून परत उतरवून घेता आली.