नवा रंग एकाच भिंतीला का?

घर दोनदा पाहून झालं होतं. उजेड भरपूर, खोल्या मोठ्या, सगळे खूश. इसार देण्याआधी इंजिनिअरकडून घराची तपासणी करून घेऊ म्हटलं, तर घरातूनच टोला आला, "आपल्याला डोळे नाहीत का?" होते की. पण त्या डोळ्यांनी आम्ही कपाट कुठे बसेल एवढंच पाहिलं होतं.

इंजिनिअर एजंटने सुचवलेला नको, ही एक अट मी पाळली. सोबत थांबू का विचारलं, तर म्हणाला, "थांबाच. नुसता रिपोर्ट वाचून अर्धंच कळतं."

तीन तास लागले. लाद्यांवर टकटक करत फिरला; चार पोकळ वाजल्या. स्वयंपाकघरातल्या दोन प्लग पॉइंटना अर्थिंगच नव्हतं. तीन भोकं दिसली की अर्थिंग असणारच, असं मी आजवर धरून चाललो होतो! बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतलं, तर ते जाळीकडे जायचं सोडून भिंतीच्या कोपऱ्यात जमलं. त्याने फक्त "हं" केलं.

बेडरूमच्या एकाच भिंतीला नवा रंग होता. मला तो आवडलाही होता. थर्मल कॅमेऱ्यात तिथे खालच्या बाजूला निळा पट्टा दिसला. मी लगेच "पाणी!" म्हटलं. त्याने थांबवलं. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओल सुकताना भिंत गार होते, पण गार असण्याला दुसरं कारणही असू शकतं. म्हणून ओल मोजायचा मीटर टेकवला. कोरड्या भिंतीवर गप्प असलेला मीटर इथे ओरडायला लागला. भिंतीपलीकडे तेच बाथरूम.

भेगांच्या बाबतीत मी सपशेल चुकलो. हॉलमधल्या जाळीसारख्या बारीक भेगा पाहून माझा जीव खालीवर होत होता. त्या गिलावा आकसल्याच्या निघाल्या. बाल्कनीच्या स्लॅबखालची एक सरळ, तांबूस कडेची भेग मला दिसलीही नव्हती. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. तिचे त्याने सहा फोटो काढले.

"मग घ्यावं का?"

"ते मी सांगत नाही." तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. भिंती फोडून पाहणं, कागदपत्रं तपासणं हेही त्याच्या कामात नव्हतं. कागदपत्रांसाठी वकील वेगळा.

फोटो दाखवल्यावर घरमालक आधी म्हणाले, "जुन्या घरात एवढं चालायचंच." दोन आठवडे घासाघीस झाली. शेवटी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग त्यांनी उतारासकट नव्याने करून दिलं, बाल्कनीचा खर्च किमतीतून वजा झाला. टाइल्स बसवण्याआधी बाथरूममध्ये 24 तास पाणी साठवून ठेवलं, भिंतीला नवी ओल आली नाही.

मीटर मात्र अजून थोडा ओरडतो. जुनी ओल आतून सुकायला काही महिने जातील, असं इंजिनिअर म्हणाला. तोवर रंग लावणार नाही.