एक चकती, सहा पाकिटं: चिनी चहाचे नमुने टपालाने वाटताना

सहा गावांतल्या सहा जणांनी एकच चहा चाखायचा म्हटलं, की खरी अडचण त्या ‘एकच’ शब्दात असते. मतं जुळली नाहीत की लोक जिभेला दोष देतात. माझा अनुभव असा, की घोळ बहुधा त्याआधीच झालेला असतो: दाबलेल्या चहाची चकती फोडताना, पाकिटात, नाहीतर नळाच्या पाण्यात.

चीनच्या युन्नान प्रांतातल्या पू-अर चहाची नेहमीची चकती 357 ग्रॅमची. दिसायला ती आतबाहेर सारखी वाटते, पण तशी नसते. पुष्कळ चकत्यांच्या दर्शनी बाजूवर कोवळ्या कळ्या आणि अखंड पानं पसरतात, पोटात जाड पान आणि देठ असतात. एकाला वरचा पापुद्रा गेला आणि दुसऱ्याला पोटातला गोळा, तर दोघं दोन वेगळे चहा पिणार. म्हणून मी कडेपासून मध्यापर्यंत भाकरीच्या चतकोरासारखा तुकडा काढतो आणि प्रत्येक पाकिटात दर्शनी बाजू, पोट आणि पाठ या तिन्हींतलं थोडं थोडं घालतो. चहाची सुई कडेतून, थरांना समांतर सरकवायची, किंचित हलवायची, बाहेर काढायची आणि बोटभर अंतरावर पुन्हा घालायची. एकाच जागी तरफेसारखा जोर लावला की पानांचा चुरा होतो. चकती धरलेला हात सुईच्या वाटेत ठेवू नये. सुई सटकते ती थेट तळव्यात. पाठीमागच्या खळग्याभोवतीचा भाग सर्वांत घट्ट असतो, तो शेवटी. काही जण चकतीला वाफ देऊन ती सैल करतात. घरी प्यायची असेल तर ठीक, पण ओलसर तुकडा पाकिटात बंद केला तर पोचेपर्यंत बुरशी.

सहा जणांना दहा-दहा ग्रॅम द्यायचे तर मी 70 ग्रॅमच्या आसपास फोडतो. चुरा चाळणीने बाजूला काढून स्वतःकडे ठेवतो, कारण चुरा झपाट्याने उतरतो आणि कडवटपणा चहाच्या माथी बसतो. दहा ग्रॅम अशासाठी, की पाच ग्रॅम ओळख करून घ्यायला जातात आणि उरलेल्या पाचावर नीट लिहिता येतं. वजनाला 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो.

हुनान आणि शान्शीत होणाऱ्या फू विटेबद्दल, म्हणजे विटेसारख्या दाबलेल्या चहाबद्दल, पाकिटात चिठ्ठी टाकायलाच हवी. विटेच्या पोटात पिवळे बारीक दाणे असतात. तीही बुरशीच, पण मुद्दाम वाढवलेली. चिनी लोक तिला ‘सोन्याची फुलं’ म्हणतात आणि त्यावरून विटेची पारख करतात. चिठ्ठी नसेल तर कोणीतरी पाकीट केरात टाकतं. पांढरा कापूस किंवा काळे-हिरवे डाग दिसले, तर मात्र खुशाल टाकावं. फुलं आत असल्यामुळे इथेही नुसती कड वाटून चालत नाही.

पाकीट आतून ॲल्युमिनियमचा थर असलेलं, झिपचं, आणि वर इस्त्रीने किंवा सीलरने बंद केलेलं. साध्या प्लॅस्टिकमधून वास आरपार जातो. फुजियानमधल्या थोंगमूचा पाइनच्या धुरावर वाळवलेला चहा आणि फूतिंगचा पांढरा चहा एकाच लिफाफ्यात साध्या पिशव्यांतून गेले, तर पांढऱ्याला धुराची चव आलीच समजा. धुराचा चहा मी वेगळ्या टपालानेच पाठवतो. वूयीचे आणि फंगह्वांग डोंगरावरचे ऊलाँग (हिरव्या आणि काळ्याच्या मधले चहा) लांब, पिळदार पानांचे असतात; ते व्हॅक्यूममध्ये मोडतात आणि मोडलेलं पान तुरट उतरतं. त्यांना पाकिटात थोडी हवा ठेवून पुठ्ठ्याच्या डबीत घालावं. गोळी वळलेलं थ्येक्वानयिन ऊलाँग मात्र व्हॅक्यूममध्येही मोडत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही भाजलेला ऊलाँग आणि हिरवा चहा पाठवणं बंदच ठेवतो.

पाकिटावर नुसता क्रमांक, वजन आणि चहाचा प्रकार. नाव घडी घातलेल्या, स्टेपल केलेल्या कागदात. दानत्सोंगमध्ये, म्हणजे फंगह्वांगच्या ऊलाँगमध्ये, ‘या शी श्यांग’ नावाचा एक चहा आहे, अर्थ ‘बदकाच्या विष्ठेचा सुगंध’. प्रत्यक्षात तो फुलांसारखा घमघमतो, पण नाव आधी कळलं की नाक भलतंच शोधू लागतं. प्रकार मात्र लपवू नये, नाहीतर कोणी हुनानच्या पिवळ्या चहाच्या कळ्यांवर उकळतं पाणी ओततो.

परदेशातून मागवताना घोषणापत्रावर सरळ ‘चहा’ लिहावं आणि खरी किंमत टाकावी. ‘भेट’ लिहून सुटका होण्याचे दिवस 2019 च्या अखेरीस संपले. ती सवलत आता राखीला आणि जीवरक्षक औषधांना आहे, चहाला नाही.

पोचलेलं पू-अर लगेच उकळू नये. पाकीट किंचित उघडं ठेवून आठवडाभर स्वस्थ पडू द्यावं, पण मसाल्याच्या डब्यापासून आणि उदबत्तीपासून लांब.

गायवान म्हणजे झाकणाची वाटी, 100 मिलीची. पण दुकानदाराचा आकडा काठोकाठचा असतो. झाकण बसेल इतकं पाणी भरून काट्यावर मोजावं, तेव्हा 120 ची वाटी 95 ची निघते. दर 100 मिलीला 5 ग्रॅम. पू-अर, लिउ बाओ (क्वांगशीचा मुरवलेला चहा) आणि वूयीच्या चहांना उकळतं पाणी, पिवळ्याला 80-85 अंश. दाबलेल्या चहाला आधी पाच सेकंदांची धुवण, ती फेकायची. मग 10, 10, 15, 20, 30 सेकंद अशी चढण, निदान आठ वेळा. दोष शोधायचा असेल तर 150 मिलीत 3 ग्रॅम, पाच मिनिटं: चव गोड लागणार नाही, पण लपलेलं सगळं वर येईल.

पाण्याने सर्वांत जास्त फसवलं आहे. बोअरच्या जड पाण्यात चहाचा रंग काळवंडतो, वर तवंग येतो आणि सुगंध दबतो. आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 20 च्या खाली गेला तर चहा पोकळ लागतो. आम्ही 50 ते 100 च्या दरम्यानचं पाणी ठरवलं आहे आणि एका फेरीत सगळे एकाच कंपनीचं बाटलीबंद पाणी वापरतात.

टिपणं लिहिताना उसने शब्द कामाचे नाहीत. लीची आणि ऑर्किड लिहून कोणाच्याच डोळ्यासमोर काही येत नाही. चिनी रसिक ज्याला ‘ह्वेगान’ म्हणतात, तो गिळल्यानंतर घशात परतणारा गोडवा. आवळा खाऊन पाणी प्यायलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. ताज्या शौ, म्हणजे मुरवलेल्या, पू-अरला ढिगात मुरवल्याचा वास असतो, त्याला आम्ही सरळ ‘सुके बोंबील’ लिहितो. काही वर्षं हवा लागली की तो जातो. क्वांगशीच्या लिउ बाओची तर ख्यातीच सुपारीच्या सुगंधाची. पण पानाच्या तबकातली कातरलेली सुपारी डोक्यात ठेवून शोधाल तर निराशा होईल. जुन्या लाकडी पेटीतल्या अख्ख्या रोठ्याच्या जवळ जाणारं काहीतरी असतं.

सहांपैकी एकाचंच मत वेगळं पडलं, तर तो आपले उरलेले पाच ग्रॅम दुसऱ्या गावी पाठवतो. तिथे ते त्या घरच्या पाण्यात, त्याच वाटीत, दुसऱ्याच्या उरलेल्या पाच ग्रॅमशेजारी उतरवतात. दोन्ही सारखे लागले तर पहिल्याच्या घरचं पाणी किंवा भांडं तपासायचं. वेगळे लागले तर चकती फोडताना माझाच हात चुकला.