उत्पादन घटतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

सेंद्रिय शेतीवर संशोधन करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग उत्पादन घटतं की नाही? एका शब्दात सांगा." "घटतं" म्हटलं की अर्धे चिडतात, "अवलंबून आहे" म्हटलं की उरलेले हसतात. मग कुणीतरी म्हणतंच, "पूर्वी सगळं सेंद्रियच होतं, संशोधन कशाला हवंय?" पूर्वी बियाणंही वेगळं होतं हो. आजच्या बहुतेक जाती भरपूर रासायनिक खत मिळेल असं धरून निवडलेल्या आहेत. त्यांना शेणखतावर लावायचं आणि पद्धत नापास करायची, हा कसला न्याय?

आकडे हवेत तर आहेत. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक अशा दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालू आहेत. २१ वर्षांचा हिशेब २००२ साली छापून आला: सेंद्रियात उत्पादन २० टक्के कमी, पण खतं आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी, कीडनाशकं ९७ टक्के कमी. २०१४ मध्ये ११५ अभ्यास एकत्र तपासले गेले. सरासरी तफावत १९ टक्क्यांच्या आसपास निघाली. सेंद्रियात फेरपालट किंवा मिश्रपीक होतं तिथे ८-९ टक्के. तुम्ही यातला सोयीचा आकडा उचलता. मला ते जमत नाही, कारण असा एक आकडा मी स्वतः घडवलाय.

गव्हाचा प्रयोग होता. सेंद्रियाचे चार तुकडे, रासायनिकाचे चार. सेंद्रियाच्या चौथ्या तुकड्यासाठी खत कमी पडलं, म्हणून मी नव्या ढिगातलं टाकायला सांगितलं. हातात घेतलं तेव्हा काड अख्खं दिसत होतं, वासही कच्च्या शेणाचा. पेरणी खोळंबली होती, म्हणून चालवून घेतलं. महिन्याभरात तो तुकडा पिवळा पडला. काड कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते त्यांनी जमिनीतून उचललं आणि गहू उपाशी राहिला. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, बरं का.

काढणीच्या दिवशी प्रयोगाच्या शेतावर काम करणारे काका पोती काट्यावर चढवत होते आणि मी वहीत वजनं लिहीत होते. चौथ्याचं पोतं त्यांनी एका हाताने उचललं. मी वजन लिहिलं, मग त्यावर रेघ मारली आणि पुढे "खत सदोष, वगळले" असं लिहिलं. काकांनी वहीत डोकावून पाहिलं. म्हणाले, "मॅडम, मग रासायनिकाचा तिसरा पण खोडायचा ना? त्यात युरिया जास्त पडून पीक लोळलं होतं."

मी म्हटलं, "नाही काका, तो राहू दे."

अहवालात तफावत जवळपास निम्मी दिसली. सगळे खूश झाले, मीसुद्धा.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, कच्चं खत ही माझी चूक होती, पद्धतीची नव्हे. ती मोजली असती तर सेंद्रियाला माझ्या घाईची शिक्षा झाली असती. तिचं म्हणणं खोटं नाही. पण खत कमी पडणं, पेरणी खोळंबणं, अर्धवट कुजलेलं टाकावं लागणं हे शेतकऱ्याच्या बाबतीत होत नाही का? त्याला ते पोतं वगळता येत नाही. आणि युरियाचा हात सैल सुटणं ही जर रासायनिक पद्धतीचीच खोड म्हणायची, तर खत कच्चं राहणं ही सेंद्रियाची का नाही?

पुढच्या अहवालात मी दोन्ही आकडे छापायचे ठरवले: एक सगळे तुकडे धरून, दुसरा दोन्ही बाजूंचे फसलेले तुकडे वगळून. तपासणाऱ्याने शेरा मारला, "कृपया एकच निष्कर्ष द्यावा." म्हणजे तुमचाच प्रश्न, जरा सभ्य भाषेत. मी वाद घातला, मग थकून तळटीप दिली. तळटीप कोण वाचतं?

आता काढणीला वही काकांकडे असते. खोडायचं झालं तर दोघांनी सही करायची, असा नियम मीच केलाय. गेल्या हंगामात एका तुकड्यावरून आमचं जमलं नाही. सहीची जागा अजून कोरीच आहे.