आडवं बीपी, उभं बीपी: डिसऑटोनोमिया घेऊन जगताना

डिसऑटोनोमिया म्हणजे बीपी आणि ठोके आपोआप सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा बिघाड. तो असलेल्या आमच्यासारख्यांना ‘तुमचं बीपी किती?’ असं विचारलं तर प्रश्न अर्धाच असतो. झोपून किती, उभं राहून किती, जेवून किती वेळ झालाय, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. माझं आडवं बीपी 170/95 आणि त्याच सकाळी तीन मिनिटं उभं राहिल्यावर 95/60 असू शकतं. मशीन बिघडलेलं नसतं, दोन्ही आकडे खरेच असतात. दवाखान्यात एकदाच बसवून मोजलं आणि वरचा आकडा धरून बीपीची गोळी वाढवली, की माणूस संडासाच्या दारात पडतो. हे टाळायचं म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरतं. मानेतल्या धमन्यांजवळचे दाब ओळखणारे मज्जातंतू ते लगेच टिपतात, शिरा आवळल्या जातात, ठोके थोडे वाढतात आणि आपल्याला काही जाणवतही नाही. डिसऑटोनोमियात हा निरोप पोहोचतच नाही किंवा अपुरा पोहोचतो. तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. बीपी 40 ने उतरूनही नाडी जेमतेम आठ-दहाने वाढली, तर दोष मज्जातंतूंचा असण्याची शक्यता मोठी. पाणी कमी पडल्याने बीपी उतरतं तेव्हा नाडी चांगलीच धावते. म्हणून वहीत बीपीशेजारी नाडी लिहायलाच हवी. पॉट्स हा प्रकार वेगळा: त्यात बीपी फारसं उतरत नाही, पण उभं राहिल्यापासून 10 मिनिटांत नाडी 30 ने किंवा जास्त वाढते (12 ते 19 वयात 40 ने). पुढे लिहिलेलं सगळं पॉट्स असलेल्यांना जसंच्या तसं लागू होत नाही.

कारणांत आपल्याकडे जुना मधुमेह सगळ्यात पुढे. पार्किन्सन्स आणि त्याच्या जवळचे आजार, अमायलॉइड (अवयवांत बिघडलेली प्रथिनं साचण्याचा आजार), बी-12 ची कमतरताही असते. त्याआधी औषधांची यादी तपासावी. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, छातीतल्या दुखण्यासाठीची नायट्रेट, नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या, पार्किन्सन्ससाठीची लेव्होडोपा, या सगळ्या बीपी उतरवतात. मात्र यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

मोजायची पद्धत अशी. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-गोळीच्या आधी, पाच मिनिटं आडवं पडून पहिलं माप. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. उभं असताना हात लोंबकळत ठेवू नका, कपाटावर किंवा कुणाच्या हातावर छातीच्या उंचीला टेकवा. हात हृदयाच्या 10 सेंटिमीटर खाली राहिला, तर बीपी सात-आठने जास्त दिसतं आणि नेमकी पडझड झाकली जाते. काहींचं तीन मिनिटांनंतर हळूहळू उतरतं, त्यांनी दहाव्या मिनिटालाही मोजावं, शेजारी कुणीतरी असतानाच. भोवळ येऊ लागली तर आकड्याच्या मोहात उभं राहू नका, बसा. हेच सकाळी, दुपारच्या जेवणानंतर तासाभराने आणि रात्री झोपण्याआधी, असं आठवडाभर केलं की वही डॉक्टरांसमोर ठेवण्याजोगी होते.

सकाळ सगळ्यात वाईट, आणि त्याचं कारण रात्रीत आहे. आडवं असताना बीपी चढतं, त्या दाबाने मूत्रपिंड मीठ-पाणी बाहेर टाकत राहतं, रात्री तीन-चारदा उठावं लागतं आणि उजाडेपर्यंत शरीर कोरडं पडतं. म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते नऊ इंच वर हवी. पलंगाच्या त्या बाजूच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे घट्ट बसवून घ्या. उशा वाढवून हे साधत नाही, त्याने नुसती मान वाकते. पहिले काही दिवस खाली घसरायला होतं. गादीखाली मांड्यांच्या जागी घडी केलेलं पांघरूण घातलं की थांबतं.

उठताना उशाशी पाणी हवंच. साधं, 500 मिलिलिटर, दोन-तीन मिनिटांत संपवायचं. घोटघोट पिऊन हा परिणाम मिळत नाही. पाच-दहा मिनिटांत बीपी वर यायला लागतं, अर्ध्या तासाच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तासाभराने ओसरतं. या आजारात याइतका स्वस्त आणि लवकर लागू पडणारा उपाय मला माहीत नाही. पाणी पिऊन पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, घोटे वरखाली करायचे, मुठी आवळायच्या, आणि मगच उभं राहायचं.

पोटाचा पट्टा पलंगावरच बांधायचा. मेडिकलमध्ये हर्नियाच्या किंवा सिझेरियनच्या ऑपरेशननंतर देतात तोच, बेंबीच्या पातळीला, दोन बोटं जेमतेम सरकतील इतका घट्ट. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा उपयोग थोडाच, कारण जास्त रक्त पोटात आणि मांड्यांत साचतं. कमरेपर्यंतचे 30-40 एमएम दाबाचे मोजे चांगले, पण मुंबई-कोकणच्या घामात ते रोज चढवणं बहुतेकांना झेपत नाही. पट्टा झेपतो. आडवं होताना तो काढायचाच.

अंघोळीचं पाणी कोमट, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. कढत पाण्याने कातडीखालच्या शिरा सैल पडतात. बाथरूमला आतून कडी नाही, हा घरातल्या सगळ्यांना पटवलेला नियम. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसल्यावर बीपी ठीक असतं, झटक्यात उठल्यावर कोसळतं. भिंतीला स्टीलचा दांडा बसवा किंवा सरळ कमोड घ्या. कुंथणं टाळण्यासाठी बद्धकोष्ठावर उपचार आधी करा. रात्री पुरुषांनीही लघवीला बसूनच जावं. स्वयंपाकघरात रोजची भांडी आणि डबे कमरेच्या वरच्या फळीवर आणले की खाली वाकून उठण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

मिठाबद्दल घरोघरी भांडण होतं, कारण बाकी सगळ्यांना कमी खा सांगितलेलं असतं. या आजारात बहुतेकदा दिवसाला 6 ते 10 ग्रॅम सांगतात. सपाट चहाचा चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम. पोहोचतंय का ते 24 तासांची लघवी तपासून कळतं, सोडियम 170 मिलिमोलच्या वर असावं असं धरतात. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर हा मार्ग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, सोलकढी, पापड, यांतून ते सहज जातं. शहाळ्याने मात्र मिठाची गरज भागत नाही, त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. ‘लो सोडियम’ मीठही नको.

जेवणानंतर रक्त आतड्यांकडे वळतं आणि पुढच्या दोन तासांत बीपी उतरतं. भाताचा ढीग, पुरणपोळी, लग्नाची पंगत, यांनंतर जास्तच. मी भात कमी करून डाळ, उसळ, अंडं वाढवलं आणि तीन जेवणांची पाच लहान खाणी केली. कॉफी सकाळच्या न्याहारीबरोबर एक कप. जेवून लगेच उभ्याने भांडी घासायची नाहीत, जिना चढायचा नाही. उपास करायचाच तर निर्जळी नको, आणि ताप-जुलाब झाले की पहिल्या दिवसापासून ओआरएस.

दिवसभरात उभं राहावं लागतंच. आरतीत, रेशनच्या रांगेत, लोकलच्या फलाटावर. तिथे पायाला पायाची कात्री मारून मांड्या आणि नितंब घट्ट आवळायचे, 30 सेकंद धरायचे, सोडायचे, पुन्हा करायचं. ‘वीर हनुमाना’ म्हणत टाचा उचलत राहिलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. एका जागी स्तब्ध उभं राहण्यापेक्षा चालणं बरं. इशारे ओळखायला शिका: नजर धूसर होणं, जांभया, शब्द न सुचणं, आणि मानेच्या मागे व खांद्यांवर दुखणं, जे बसलं किंवा आडवं झालं की निघून जातं. हे स्पॉन्डिलायटिस समजून वर्षानुवर्षं गळ्यात पट्टा घातला जातो. इशारा आला की खाली बसायचं, लाज बाळगायची नाही. फरशीवर बसलेल्याचं हाड मोडत नाही.

गोळ्यांत मिडोड्रिन शिरा आवळते, 2.5 ते 10 मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा. पहिली उठण्याआधी, शेवटची झोपायच्या निदान चार तास आधी, आणि गोळी घेऊन आडवं पडायचं नाही. टाळूवर मुंग्या आणि अंगावर काटा येतो, तो औषधाचाच परिणाम. लघवी तुंबली तर लगेच कळवा. फ्लुड्रोकॉर्टिसोन 0.1 मिलिग्रॅम मीठ-पाणी धरून ठेवते, परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. पोटॅशियम उतरतं म्हणून रक्त तपासत राहायचं, आणि आडवं बीपी आणखी चढतं तेही पाहायचं.

संध्याकाळी सगळं उलटं. झोपण्याआधीचा दीड तास पाणी नाही. झोपताना थोडे पोहे किंवा दोन बिस्किटं, कारण जेवणानंतर उतरणारं बीपी इथे उपयोगी पडतं (मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब बघून). दुपारी पाठ टेकायची तर आरामखुर्चीत. तरीही आडवं बीपी फार चढत असेल, तर डॉक्टर रात्रीपुरती थोडा वेळ टिकणारी बीपीची गोळी देतात. ती घेतल्यावर रात्री उठताना मदतीला कुणी हवंच, किंवा पलंगाशेजारी लघवीचं भांडं.

व्यायाम सोडला की आजार वाढतो, पण सूर्यनमस्कारापासून सुरुवात नको. त्यात डोकं पुन्हा पुन्हा खाली जाऊन वर येतं. बसून पायांचे व्यायाम, खुर्चीसारखी पाठ असलेली व्यायामाची सायकल, जेवणाआधी आणि उन्हाआधी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडायचंच नाही. 1925 मध्ये ब्रॅडबरी आणि एगलस्टन यांनी या आजाराचे पहिले तीन रुग्ण नोंदवले, तेव्हाही उन्हाळ्यात त्रास वाढतो हे त्यांनी लिहून ठेवलं होतं.

घरच्यांना आणि शेजाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. आपल्याकडे कुणी पडलं की दोघं जण काखेत हात घालून खुर्चीत बसवतात, तोंडात पाणी ओततात, कांदा हुंगवतात. बसवल्याने मेंदूला रक्त पोहोचायला उशीर होतो. तिथेच सपाट झोपवायचं, पाय फूटभर उचलून धरायचे, पोटाचा पट्टा तेवढ्यापुरता आहे तसा राहू द्यायचा. इन्सुलिन घेत असेल तर साखर तपासायची. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, डोक्याला मार लागला किंवा छातीत दुखलं, तर 108. माझ्या पर्समध्ये एक कार्ड असतं: आजाराचं नाव, गोळ्या आणि वेळा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आडवं बीपी जास्त असतं, उभं बीपी मोजल्याशिवाय बीपी उतरवणारं औषध देऊ नये’. दाताच्या डॉक्टरांकडे खुर्ची सपाट करण्याआधी आणि कुठल्याही ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरांना तेच कार्ड आधी दाखवायचं.