खुर्चीतला योग, आठवडा ६: मानेला सुट्टी, पाठीला काम

मुख्य बदल एकच. सकाळचा सलग २० मिनिटांचा सराव मोडला आणि कामाच्या वेळेत ४-४ मिनिटांचे पाच तुकडे केले. सकाळी मोकळं केलेलं अंग दोन तासांच्या बैठकीत पुन्हा आखडतं, म्हणून.

मोजमाप शुक्रवारी दुपारी, नेहमीच्याच वेळी. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उभं राहिल्यावर डोकं ते भिंत अंतर ४ सेंमी होतं, आता २.५. हनुवटी वर उचलली की हा आकडा खोटा येतो; नजर समोरच हवी. गोमुखासनात (एक हात खांद्यावरून, दुसरा खालून पाठीमागे नेऊन बोटं गुंफायची) उजवा हात वर असताना बोटांमधली फट ९ वरून ६ सेंमी. डावा वर असताना १४, तिथेच अडकलंय.

मान गोल फिरवणं पूर्ण बंद. पाठीचा वरचा भाग वाकला की डोकं पुढे येतं, आणि तो वाकतो कंबर मागे कलंडल्यामुळे. मान ताणून यातलं काहीच सुटत नाही. म्हणून आधी बैठक: खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यावर, बुडाखाली घडी घातलेला टॉवेल, गुडघे जांघेपेक्षा किंचित खाली, तळवे पूर्ण टेकलेले.

मग मार्जारासन, ८ आवर्तनं. श्वास घेताना छातीचं हाड पुढे-वर, सोडताना पाठ गोल. बहुतेकांची हालचाल कमरेतच संपते. तळहात टेबलाच्या कडेवर ठेवले की ती खांद्याच्या पात्यांमध्ये सरकते, आणि हवी तिथेच असते.

वक्रासनात सगळ्यात जास्त फसवणूक होते. हाताने खुर्चीची पाठ ओढली की खांदा वळतो, कणा जागेवरच. आधी उंच व्हा, श्वास सोडत वळा, ५ श्वास थांबा. एक गुडघा दुसऱ्याच्या पुढे गेला तर कंबरच फिरली समजा. चाकांची खुर्ची भिंतीला लावा, नाहीतर तीच आसन करते! मणक्याच्या चकतीचा त्रास, हाडांची ठिसूळता किंवा गरोदरपण असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जांघेसाठी खुर्चीवर आडवं बसा: एक मांडी सीटवर, दुसरा पाय मागे, चवडा जमिनीवर. बसून आखूड झालेले मांडीच्या पुढचे स्नायू इथे सुटतात. पण कमरेत बाक आला तर ताण तिथेच जातो. माकडहाड खाली खेचून धरा. ५ श्वास, मग बाजू बदला.

टाचा वर-खाली ३० वेळा, फोनवर बोलतानासुद्धा चालतं. पोटरी आवळली की पायांतलं रक्त वर ढकललं जातं.

शेवटी श्वास: ४ आकडे आत, ६ बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण ६. नाकानेच, आवाज न करता. चक्कर आली तर श्वास फार खोल ओढला जातोय. ३-५ वर या. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं, मोकळ्या ऑफिसात नकोच.

गोमुखासनातल्या डाव्या बाजूचं कोडं: डावा वर असताना खाली असतो उजवा, माउसचा हात. अडतोय तो उजवा खांदा, आतल्या बाजूला फिरताना. पुढच्या आठवड्यात दोन हातांमध्ये टॉवेल, न ओढता ६ श्वास, दिवसातून दोनदा. आणि माउस कीबोर्डला चिकटवून, कोपर अंगाजवळ.