गाडी नव्वदला थरथरते तेव्हा

टायरच्या दुकानात जाऊन "गाडी व्हायब्रेशन मारतेय" एवढंच सांगितलं की उत्तर ठरलेलं: "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकू." दोन्ही कामं जोडीनेच विकली जातात, म्हणून बऱ्याच जणांना ती एकच वाटतात. अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते बघणं. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने खाल्ले जातात. असा टायर खडबडीत झाला की पुढे थरथरही येते, पण तोवर टायर बदलायचीच वेळ आलेली असते. बॅलन्सिंग म्हणजे रिमवर छोटी वजनं लावून चाकाचं जड-हलकं सारखं करणं. चांगल्या टायरवर स्टेअरिंग थरथरत असेल तर अलाइनमेंटचे पैसे खिशात ठेवा.

मी वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पंप, ब्लोअर थरथरायला लागले की का ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. तिथे पहिला प्रश्न असतो, किती फेऱ्यांना? गाडीला हा प्रश्न विचारायला मात्र समृद्धी महामार्ग यावा लागला. संभाजीनगरात जालना रोडवर काटा साठच्या वर जातो कधी? आणि जुन्या रस्त्याने नागपूरला जाताना रस्ताच गाडी इतकी हलवायचा की चाकाची थरथर वेगळी कळायचीच नाही. सावंगीला समृद्धीवर चढलं की सरळ काँक्रीट, कारला 120 पर्यंत परवानगी, आणि गाडीची सगळी दुखणी उघडी पडतात. आमचं स्टेअरिंग 85 च्या आसपास थरथरायला लागायचं, 95 ला सगळ्यात जास्त आणि 110 च्या पुढे बऱ्यापैकी शांत. घरच्यांनी त्यावर उपायही काढला होता: "मग 110 नेच चालव ना!"

हिशेब सोपा आहे. 185/65 आर 15 मापाचा टायर एका फेरीत साधारण 1.9 मीटर जातो. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर, म्हणजेच चाकाच्या 13 फेऱ्या. रिमच्या कडेला एकाच जागी 30 ग्रॅम जास्त असले तर या वेगाला साडेतीन-पावणेचार किलोचा ओढा सेकंदाला 13 वेळा दिशा बदलत फिरतो. साठला तोच जोर निम्म्याहून कमी असतो, म्हणून गावात कळत नाही. सस्पेन्शन आणि स्टेअरिंगची स्वतःची लय याच पट्ट्यात कुठेतरी असते. ती जुळली की थरथर वाढते, वेग पुढे गेला की हाताला कमी लागते. जोर मात्र वाढतच असतो आणि तो बेअरिंग, बुश यांना सोसावा लागतो. घरच्यांच्या उपायाला हे माझं उत्तर.

नवऱ्याला चालवायला बसवलं आणि फोन डॅशबोर्डवर घट्ट चिकटवला. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनवलेलं. ते फोनच्या सेन्सरवरून थरथरीची फ्रिक्वेन्सी दाखवतं. नव्वदला शिखर 13 हर्ट्झजवळ, म्हणजे सेकंदाला 13 वेळा, चाकाच्या फेऱ्यांइतकंच. मग तोच वेग ठेवून पाचव्याऐवजी चौथा गिअर. इंजिनचे फेरे वाढले, शिखर जागचं हललं नाही. म्हणजे इंजिन निर्दोष, दोष चाकात. ॲप नसलं तरी ही गिअरची युक्ती हातालासुद्धा कळते.

थरथर कुठे लागते तेही दुकानात सांगावं. स्टेअरिंगमध्ये लागली तर बहुधा पुढची चाकं, सीटला आणि पायाखाली लागली तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर चाक सोडून ब्रेक डिस्क बघायला सांगा. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे आतले जॉइंट किंवा इंजिनचं माउंटिंग. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी पहिले काही किलोमीटर धडधडते आणि टायर तापले की शांत होते, तिची फार काळजी नको. पण वीस-तीसच्या वेगालाच गाडी डुलत असेल तर हायवेचं नावही काढू नका. टायरला फुगा आलेला असतो, आतल्या तारा तुटलेल्या असतात, नाहीतर चाकाचे नटच ढिले असतात.

आपल्या मराठवाड्यात मात्र पहिला संशय काळ्या मातीवर घ्यावा. पावसाळ्यात शेतावर जाऊन आलं की रिमच्या आतल्या बाजूला मूठभर माती बसते आणि वाळून घट्ट होते. वरून गाडी धुतली तरी ती निघत नाही. त्या मातीसकट बॅलन्सिंग केलं तर माती गळून पडते आणि तिच्यासाठी लावलेली वजनंच दोष होऊन बसतात. आधी आतून धुवा, जुनी वजनं काढा, मगच चाक मशीनवर चढवा.

हे सगळं करून घेतलं. मशीनने दोन्ही बाजूंना शून्य दाखवलं. समृद्धीवर तीच थरथर.

मग पुढची चाकं आपापल्या बाजूलाच मागे घातली. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली आली, म्हणजे दोष चाकाबरोबर फिरत होता. बीड बायपासच्या एका दुकानात गाडी जॅकवर घेऊन त्या चाकांच्या आतल्या कडेजवळ स्क्रू ड्रायव्हर धरला आणि चाक हाताने फिरवलं. एका चाकाची फट मोठी व्हायची, मिटायची, पुन्हा मोठी व्हायची.

"ताई, मशीनवर झीरो आहे, अजून काय पाहिजे?"

"दादा, कड बघा ना, नाचतेय."

तो वाकला, फिरवून बघितलं. "हो की, रिम आउट आहे."

डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं माप) लावला तर फरक 2 मिलिमीटरच्या वर. मी एकापर्यंत चालवून घेतलं असतं. बाहेरून रिम चकाचक, मार बसला होता आतल्या कडेला. खड्ड्यात बहुतेक वेळा तीच वाकते, कारण दांड्यांचा आधार तिच्यापासून लांब असतो. मशीन चाक हवेत फिरवतं, गाडीचं वजन त्यावर नसतं. जड-हलकं किती, एवढंच ते मोजतं. वजनं लावून अंडंसुद्धा शून्यावर आणता येईल, म्हणून ते गोल होत नाही. रोलर दाबून टायर तपासणारी मशीनही असतात, पण प्रत्येक दुकानात नाही.

"गरम करून ठोकून देतो" ही सूचना मी मानली नाही. लोखंडी रिम प्रेसवर सरळ होते. आमची अलॉयची; ती तापवली की तिची ताकद जाते, आणि तडा असेल तर डोळ्यांना दिसेलच असं नाही. नवीन रिम घेतली. नायट्रोजन भरला की व्हायब्रेशन जातं, असंही तिथे एकाने सांगितलं. नाही जात.

बसवताना हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, गंज तारेच्या ब्रशने घासून काढायला लावला. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे, गनने शेवटपर्यंत नाही, शेवटची ताकद टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने.

आता 95 ला स्टेअरिंग शांत आहे. फायफॉक्समध्ये 13 जवळ बारीक उंचवटा अजून दिसतो, हाताला लागत नाही. मागच्या डाव्या टायरवर 2319 छापलंय, म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यातला. तो दिवाळीआधी बदलायचा आहे, तेव्हा पुन्हा मोजीन.