आमची वाटचाल : लेथपासून अलॉय व्हीलपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचा एक लेथ, म्हणजे धातू कातायचं मशीन, होता. ऑइल इंजिनाचे सुटे भाग, पंपाचे शाफ्ट असं जॉबवर्क चालायचं. २०११ साली त्याच शेडच्या रस्त्याकडच्या अर्ध्या भागात मी आणि धाकट्या भावानं टायर काढायचं मशीन आणि बॅलन्सर बसवला. मागे वडिलांचा लेथ, पुढे आमचे टायर. पहिली दोन वर्षं पंक्चर, बॅलन्सिंग आणि टायर बदलणं यातच गेली. अलॉय व्हीलला गिऱ्हाईक वाढायला लागलं तसं आम्हीही भिंतीवर चकचकीत व्हील टांगली. ज्याला जे आवडेल ते काढून द्यायचं, बोल्टची भोकं जुळली की झालं, अशी तेव्हा आमची समजूत होती.

ती समजूत फोक्सवॅगनच्या एका पांढऱ्या पोलो जीटीनं मोडली. पाच बोल्ट, १०० मिलिमीटरचं पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), आमच्याकडचं १७ इंची व्हील बरोबर बसलं. गाडी आठ दिवसांनी परत आली. नव्वदच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं म्हणून आम्ही पुन्हा बॅलन्सिंग करायला घेतली, तर पुढच्या डाव्या चाकाचा एक बोल्ट पान्हा लावताच सैल फिरला. मालक साताऱ्याहून बायको-मुलांना घेऊन आले होते. अंगावर काटा आला.

वडील मागून उठून आले. म्हणाले, "पोरा, बोल्ट जुळला म्हणजे बसला असं नाही. तो कुठं टेकतोय ते बघितलंस का?" त्यांनी फिटर लोक बेअरिंग तपासताना वापरतात तो निळा रंग बोल्टच्या खांद्याला बोटानं पुसला, बोल्ट हातानं आवळला आणि परत काढला. व्हीलच्या सीटवर, म्हणजे बोल्टचा खांदा जिथं टेकतो त्या जागी, निळा पट्टा उमटायला हवा होता, तिथं दोऱ्याएवढी एक रेघ होती, तीही अर्धवट. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचा खांदा गोल असतो, चेंडूसारखा. बाजारातल्या बहुतेक व्हीलची सीट ६० अंशांच्या कोनाची, नरसाळ्यासारखी. नरसाळ्यात चेंडू एका रेघेवरच टेकतो. आवळताना घट्ट वाटतं, पण रस्त्यावर पकड राहत नाही.

दुसरी चूक हबची, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या गोल भागावर चाक बसतं त्याची. पोलोच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर आणि आमच्या व्हीलचं मधलं भोक ७३.१, म्हणजे चारी बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर मोकळं. कंपनी हे व्हील मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवून बनवते, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालतं. मधली जागा भरायला हब रिंग लागते, ती आम्ही कधी घातलीच नव्हती. त्या संध्याकाळी वडिलांनी ॲल्युमिनियमच्या सळीतून चार रिंगा काढल्या, बाहेरून ७३, आतून ५७.१, हबवर दाबून बसतील अशा. कोनाच्या खांद्याचे एम १४ बोल्ट दुसऱ्या दिवशी पुण्याहून मागवले आणि तोवर गाडीला जुनीच चाकं लावून दिली. सगळं बसवल्यावर टॉर्क पान्ह्यानं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्यानं) १२० न्यूटन मीटरला आवळलं. पैसे घेतले नाहीत. त्याआधी आमच्याकडून अलॉय घेऊन गेलेल्या प्रत्येकाला फोन करून बोलावलं आणि एकेक गाडी तपासली. दोन आठवडे दुसरं काम झालं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. आता त्यातली चौथी चालू आहे. गाडी आली की आधी चाक काढायचं, व्हर्नियरनं हब मोजायचा, पीसीडी मोजायचं, मूळ व्हीलच्या आतल्या बाजूला कोरलेली रुंदी आणि ऑफसेट (व्हीलच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे ते) वाचायचा, बोल्टचा खांदा बघायचा, आणि हे सगळं वहीत उतरल्यावर मगच भिंतीवरच्या व्हीलकडे वळायचं. ११२ आणि ११४.३ मिलिमीटर पीसीडीत फरक सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास आहे. डोळ्यांना तो दिसत नाही आणि जोर लावला तर दोन-तीन बोल्ट जातातही. म्हणूनच नजरेवर काही सोडायचं नाही.

स्पोर्ट्स कारची कामं वाढली तसा हा हिशोब जास्त बारीक झाला. एक उदाहरण सांगतो, कारण आमच्या कामाची पद्धत त्यात पूर्ण दिसते. सांगलीचे एक डॉक्टर आपली ऑडी टीटी घेऊन आले. मूळ टायर २४५/४० आर १८ (२४५ मिलिमीटर रुंद, भिंत त्याच्या ४० टक्के, रिम १८ इंची), व्हील ९ इंच रुंद, ऑफसेट ५२. त्यांना २० इंची व्हील हवी होती, आणि मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद.

मागचं रुंद करायला मी तिथंच नकार दिला. ही गाडी क्वाट्रो आहे, पुढची-मागची चाकं एका कपलिंगनं जोडलेली. टायरचा घेर पुढे एक आणि मागे एक झाला की सरळ रस्त्यावरही ते कपलिंग फरक भरून काढत बसतं आणि तापतं. मग कागद घेतला. २४५/४० आर १८ चा बाहेरचा व्यास ६५३ मिलिमीटर. २५५/३० आर २० चा ६६१, म्हणजे सव्वा टक्का जास्त. आकड्यात हे चालण्यासारखं आहे, पण टायरची भिंत बघा: मूळची ९८ मिलिमीटर, २० इंचीची साडेशहात्तर. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी खणलेल्या आमच्या रस्त्यांवर त्या बोटभर कमी झालेल्या रबराची किंमत रिम मोजते. खड्ड्यात रिम वाकते नाहीतर टायरला फुगा येतो. २४५/३५ आर १९ चा व्यास ६५४, मूळ मापाशी अगदी जुळणारा. तो पर्याय मी त्यांच्यापुढे ठेवला. पण त्यांना आवडलेलं १९ इंची व्हील साडेआठ इंच रुंद आणि ऑफसेट ३५ चं होतं. साडेआठ इंचाचं अर्धं १०८ मिलिमीटर, त्यातून ३५ वजा, ७३ बाहेर. मूळ व्हीलचं ११४ मधून ५२ वजा, ६२ बाहेर. चाक प्रत्येक बाजूला जवळजवळ अकरा मिलिमीटर बाहेर येणार, मडगार्डच्या कडेला घासणार आणि बेअरिंगवरचा ताण वाढणार. डॉक्टर थोडे नाराज झाले. मी त्यांना म्हणालो, "साहेब, घाई नको. दोन दिवस विचार करा, मग ठरवू."

ते परत आले तेव्हा मी दोन व्हील काट्यावर ठेवून दाखवली. त्यांचं मूळ व्हील बारा किलोंच्या वर, आणि एक १८ इंची, फ्लो फॉर्मिंगनं (फिरणारी रिम रोलरनं दाबून पातळ करत) बनवलेलं, साडेनऊ किलोंच्या आसपास. साडेआठ इंच रुंद, ऑफसेट ४५. बाहेरची बाजू मूळ व्हीलच्या एक मिलिमीटरच्याही आत जुळत होती. शाडूची छोटी गोळी ब्रेक कॅलिपरवर (चाकाच्या आत ब्रेक दाबणाऱ्या भागावर) चिकटवली, व्हील चढवून हातानं फिरवलं, काढून गोळीची जाडी मोजली. जवळजवळ पाच मिलिमीटर. आऱ्या कॅलिपरला लागणार नाहीत हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. टायर मूळ मापाचेच घेतले, फक्त चांगल्या रबराचे. दुकानाच्या दृष्टीनं २० इंची सेटमध्ये नफा कितीतरी जास्त होता, पण त्या गाडीनं दोन पावसाळे काढले आणि आंबोली घाटातून गाडी पूर्वीपेक्षा हलकी वळते असं ते सांगतात.

टायर किती वजन पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याकडे, म्हणजे लोड इंडेक्सकडे, बहुतेक जण बघत नाहीत. ९७ म्हणजे एका टायरवर ७३० किलो, ९३ म्हणजे ६५०. मूळ टायरपेक्षा कमी आकडा आम्ही बसवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांबद्दल आहे, म्हणून मडगार्डच्या बाहेर येणारी चाकं कोणी कितीही आग्रह केला तरी नाहीत, आणि विमा कंपनीला पत्र देऊन ठेवा असं प्रत्येकाला सांगतो. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून देण्याचं कामही घेत नाही. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्रीत वाढलेल्या माणसाला कास्टिंगमधला तडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. व्हीलवर जेडब्ल्यूएलचा, म्हणजे अलॉय व्हीलच्या जपानी मानकाचा, शिक्का नसेल तर माल परत जातो.

वडील चार वर्षांपूर्वी गेले. लेथ अजून चालतो, रिंगा आता भाऊ काढतो, आणि शेवटची तपासणी आम्ही दोघं मिळून करतो: गाडीत चार माणसं बसवायची, मागे पोती टाकायची, स्टेअरिंग पूर्ण वळवून उतारावरून खाली आणायची आणि टायर कुठे घासतोय का ते कान लावून ऐकायचं. नंतर ८० किलोमीटर चालवून परत या, बोल्ट पुन्हा आवळून देतो.

आमच्याकडे यायचं असेल तर दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआत टायरच्या मापांचा स्टिकर असतो, त्याचा फोटो आधी पाठवा. आणि येताना लॉकिंग बोल्टची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास बोल्टची) चावी घेऊन या. ती घरी कपाटात राहते आणि लांबून आलेल्या माणसाला तसंच परत जावं लागतं.